झाड जमिनीत, मुळं मात्र पिशवीतच

पत्र : नमस्कार. आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरामागे बरीच मोकळी जागा आहे, बोअरला पाणीही आहे. यंदा महाशिवरात्रीच्या सुमारास आठवडी बाजारात नर्सरीवाल्याचा टेम्पो आला होता. त्याच्याकडून एक आंब्याचं कलम, दोन लिंबं, एक संत्रा, एक पेरू आणि दोन मोगरे घेतले. दोन-दोन फुटांचे खड्डे खणून, त्यात भरपूर शेणखत आणि मूठभर डीएपी टाकून त्याच दिवशी लावले. रोज संध्याकाळी प्रत्येकाला एक बादली पाणी घातलं, एक दिवस चुकवला नाही. महिनाभर झाडं टवटवीत होती. मग पानांच्या कडा करपल्या, एप्रिलमध्ये पानं गळाली. कृषी केंद्रातून ह्युमिक ॲसिडची बाटली आणून घातली, काही उपयोग झाला नाही. आता पेरू सोडून सगळं वाळलं आहे आणि पेरूही अर्धाच हिरवा आहे. वाळलेलं लिंबू उपटलं तर पिशवीच्या आकाराचा लाल मातीचा गोळा जसाच्या तसा हातात आला. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला झाड लागत नाही. यजमान म्हणतात, आपली जमीन भारी आहे, इथे झाडं जगतच नाहीत. पावसाळ्यात पुन्हा लावू का? मुळं वाढायचं एखादं चांगलं औषध असेल तर सांगा.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. पिशवीच्या आकाराचा गोळा जसाच्या तसा हातात आला. फेब्रुवारीत लावलेलं झाड मे महिन्यात उपटलं आणि तेवढ्या काळात एकही मूळ काळ्या मातीत शिरलेलं नाही. म्हणजे झाड तुमच्या परसात उभं होतं, पण जगत होतं नर्सरीतून आणलेल्या ओंजळभर लाल मातीवर. तेवढ्या मातीवर मार्च कसाबसा निघतो. एप्रिल-मे निघत नाही, मग तुम्ही रोज एक बादली घाला की दोन.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की हाताचा यात काही दोष नाही. यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जमीन भारी आहे हे खरं, पण तुमच्याच आर्वी-कारंजा पट्ट्यात संत्र्याच्या बागा उभ्या आहेतच की! भारी जमिनीत झाडं जगतात. फक्त तिची चाल ओळखून लावावी लागतात.

जमिनीखाली काय झालं ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचं निम्मं काम तुम्हाला न सांगताही सुचेल.

नर्सरीवाले पिशवीत लाल माती, रेती, शेणखत भरतात, कुणी कोकोपीट भरतो. लाल माती त्यांच्या सोयीची: पाणी चटकन निचरतं, आणि गोळा घट्ट राहत असल्यामुळे टेम्पोतून दूरवर नेता येतो. बाजारात येणाऱ्या अशा टेम्पोंत आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांमधली रोपंसुद्धा असतात. हा भरड मातीचा गोळा आपण आपल्या चिकट, बारीक कणांच्या काळ्या मातीत ठेवतो. बारीक कणांची माती ओल ओढून घेते आणि सहजासहजी सोडत नाही. दोन्ही शेजारी आल्या की गोळ्यातलं पाणी भोवतालची काळी माती पिऊन टाकते. त्यात काळी माती वाळली की आक्रसते. भेगा पडतात, आणि पहिली भेग बहुधा गोळ्याच्या कडेनंच पडते, कारण तिथे दोन्ही प्रकारची माती एकमेकींना धरून नसते. मग तुमच्या बादलीतलं पाणी त्या भेगेतून सरळ तळाला जातं. बाहेर डोकावलेली चार बारीक मुळं असतील तर तीही भेग रुंदावताना तुटतात. वरून बघावं तर आळं ओलं, आणि गोळा आतून खडखडीत. कोकोपीटचा गोळा तर एकदा पूर्ण सुकला की पाणी अंगाला लावूनच घेत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर उरलेल्या पेरूच्या खोडाजवळ खराट्याची काडी किंवा छत्रीची तार खोल टोचून बाहेर काढा. टोकाला ओली माती लागली तर आत ओल आहे. कोरडी निघाली तर रोजची बादली कुठे जात होती ते कळेल.

दुसरी गोष्ट मुळांच्या वळणाची. पिशवीत वर्ष-दीड वर्ष काढलेल्या रोपाची मुळं कडेला आदळतात आणि तिथून गोल फिरायला लागतात. तळाशी वेटोळं होतं. पिशवी काढली म्हणून त्यांना बाहेरची वाट दिसत नाही, ती त्याच गोलात फिरत राहतात. पहिल्या उन्हाळ्यातून झाड वाचलंच, तरी पुढे चार-पाच वर्षांनी हीच मुळं जाड होऊन एकमेकांना आणि खोडाच्या बुडाला आवळतात. चांगलं फळावर आलेलं झाड वादळात मुळासकट आडवं पडतं आणि आपण वाऱ्याला दोष देतो.

आणि मुळं पाण्याच्या शोधात लांब जातात, असं जे आपण म्हणतो, तेही पूर्ण खरं नाही. कोरड्या मातीत मुळाचं टोक शिरत नाही. ओल आणि हवा दोन्ही असतील तिथेच ते वाढतं. पेरणीच्या वेळी वाफसा कशाला म्हणतात हे यजमानांना चांगलं ठाऊक असणार. मुळांना तोच वाफसा गोळ्याच्या बाहेर, वीतभर-हातभर लांबपर्यंत मिळायला हवा. चिखल झाला तर हवा संपते, ढेकूळ झालं तर ओल संपते. काळ्या मातीत या दोन्हींच्या मधले दिवस थोडे असतात, म्हणून ते दिवस आपण पालापाचोळ्यानं आणि पाण्याच्या पाळीनं वाढवायचे. नवीन झाडाची पहिल्या वर्षाची सगळी मशागत एवढ्याचसाठी आहे.

आता खत-औषधांचं. मूठभर डीएपी खड्ड्यात घालायला नको होतं. रासायनिक खत म्हणजे शेवटी क्षार. ज्या झाडाला अजून नवीन मूळच फुटलेलं नाही, त्याला ते उपयोगी पडत नाही, उलट कोवळी टोकं भाजतात. पानांच्या कडा आधी करपल्या असं तुम्ही लिहिता, त्यात तहानेबरोबर याचाही वाटा असू शकतो. शेणखत कच्चं असेल तर ते खड्ड्यातच कुजताना तापतं, उधईला बोलावतं, आणि कुजून खाली बसलं की झाड त्याच्याबरोबर खचतं. खोडाचं बूड मातीखाली जातं. ह्युमिक ॲसिडनं नुकसान झालं नसेल, पण कोरड्या गोळ्यात त्यानं करावं तरी काय? मुळं वाढवायचं औषध विचारता, तर माझं मत स्पष्ट आहे: तेवढ्या पैशांत थोडी निंबोळी पेंड आणि चार गाडगी आणा. फांदीला मुळं फुटावीत म्हणून जी पावडर लावतात, ती छाटकलमासाठी असते. मुळं आधीच असलेल्या रोपाला तिचा उपयोग नाही.

वेळही चुकली होती. महाशिवरात्रीला लावलेल्या झाडाला कडक ऊन सुरू व्हायच्या आधी जेमतेम महिना मिळतो. मातीचं तापमान 40 अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक फळझाडांची मुळं वाढायची जवळजवळ थांबतात. हवेत 44-45 अंश असताना उघडी काळी माती किती तापते ते दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे वरच्या चार बोटांतल्या मुळांचं काय होत असेल ते समजेल. रोज थोडं थोडं पाणी दिल्यानं मुळं नेमकी त्याच वरच्या थरात राहतात. उलट जून-जुलैत लावलेल्या झाडाला नोव्हेंबरपर्यंत ऊबदार, ओलसर जमीन मिळते. तेवढ्यात मुळं गोळ्यातून सुटली, तर पुढचा मे ते काढतं.

तेव्हा पावसाळ्यात लावा, अवश्य लावा. पण तयारी आत्तापासून करायची.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपायच्या आत जागा खणून ठेवा. भारी जमिनीत मी खोलीपेक्षा रुंदीला जास्त मानतो. दोन फूट खोल, गुळगुळीत भिंतींचा खड्डा केला आणि त्यात भुसभुशीत माती-खत भरलं, की पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच मुरतं आणि खड्ड्याचा हौद होतो. संत्रा-लिंबाला त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. तुमचे जुने खड्डे आहेतच, त्यांच्या भिंती सब्बलीनं खरवडून, टोचून घ्या. भोवतालची तीन-चार फूट रुंदीची जमीन टिकासानं वीतभर खोल उकरा आणि तशीच उन्हात तापू द्या. ढेकळं पहिल्या पावसानं आपोआप फुटतील. पाऊस पडल्यावर तीच काळी माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड कालवून फूटभर उंच, तीन-चार फूट रुंद असा पसरट उंचवटा करा. झाड त्या उंचवट्यावर लावायचं. शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून सावलीत आठ-दहा दिवस ओलसर ठेवलं तर मूळकुजीला चांगला आळा बसतो. वर्धा जिल्ह्यात सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे याची चौकशी करा. मातीही तपासून मिळते का ते विचारा.

रोपं मात्र टेम्पोवरून घेऊ नका. टेम्पोवाला पुढच्या बाजारी कुठे असेल सांगता येत नाही. परवाना असलेली शासनमान्य रोपवाटिका, कृषी विभागाची फळरोपवाटिका, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, किंवा संत्र्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, यांतून घ्या. निवडताना उंचीला भुलायचं नाही. फळं लागलेलं, कमरेएवढं झाड घरी आणायला छान वाटतं, पण लहान पिशवीत मोठं झालेलं झाड म्हणजे तळाशी वेटोळं ठरलेलं. हातभर उंचीचं, ताठ खोडाचं, निरोगी पानांचं तरुण रोप त्याच्या मागून येऊन पुढे जातं. पिशवी उचलताना खाली कटकन आवाज आला, तर मुळं पिशवी फोडून जमिनीत गेली होती आणि आता तुटली. ते रोप परत ठेवा. खोड धरून हलकेच हलवा. गोळ्यात लटपटत असेल तर नुकतंच दुसऱ्या पिशवीत बदललेलं आहे. संत्र्याचं कलम जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून केलेलं असतं. तो जोड मातीपासून चांगला वीतभर उंच हवा. लिंबाची रोपं बहुधा बियांपासूनच केलेली असतात, त्यात जोड शोधत बसू नका.

आणाल ते भर दुपारी मोटारसायकलवर वाऱ्यात फडफडवत आणू नका. आपण तोंडाला दुपट्टा बांधतो, त्यालाही एक ओला दुपट्टा गुंडाळा. घरी आल्यावर लगेच लावायची घाई नको. ते हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेलं असतं. आठ-दहा दिवस कडुनिंबाखाली, सकाळचं ऊन मिळेल असं ठेवा आणि हळूहळू उघड्यावर सरकवा. पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या आणि पश्चिमेच्या बाजूनं ओलं पोतं लावायचं. काळ्या प्लास्टिकची ती बाजू दुपारी इतकी तापते की आतली मुळं भाजून निघतात.

लावायचं कधी, याला मी नक्षत्राचा आग्रह धरत नाही. मृगात पडला तर मृगात, नाही तर आर्द्रा-पुनर्वसूत. सोयाबीन पेरायला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, तोच हिशेब झाडांना लावा. जमीन खोलवर ओली झाली, वाफसा आला, की ढगाळ दिवस बघून संध्याकाळी लावायचं. चिखलात कधीच नाही. ओली काळी माती पायानं दाबली की ती वाळून वीट होते.

लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी ब्लेडनं उभी कापून सोलून काढा, खोडाला धरून ओढू नका. आता जे सांगतो ते करताना बहुतेकांचा हात थरथरतो, पण करायचंच. गोळ्याच्या तळाचं वेटोळं धारदार चाकूनं बोटभर कापून टाका. बाजूंना वरून खाली तीन-चार ठिकाणी अर्धा इंच खोल उभे चिरे द्या. कडेची लाल माती बोटांनी मोकळी करून भोवतालच्या काळ्या मातीत कालवा, म्हणजे एक माती संपून दुसरी सुरू होते ती कडक रेघच राहणार नाही. कापलेल्या जागेतून नवीन मुळं फुटतात आणि ती सरळ बाहेर जातात. गोळा पूर्ण फोडायचा मात्र नाही. पानं असलेलं सदाहरित झाड आपल्याकडच्या उन्हात उघड्या मुळांनी टिकत नाही. हे चिरे द्यायचं कामही पावसाळ्यातच, उन्हाळ्यात नको.

गोळ्याचा माथा उंचवट्याच्या मातीपेक्षा बोटभर वर राहील असं रोप ठेवा. माती बसते, झाड थोडं खाली जातंच. गोळ्याच्या माथ्यावर काळी माती थापू नका. पायानं तुडवू नका, पाणी घालून माती बसू द्या. आधाराची काठी जरा लांब रोवून सुतळी सैल बांधा, खोडाला वाऱ्यावर थोडं हलू द्यावं, त्यानं बूड जाड होतं. जोडावरची प्लास्टिकची पट्टी तशीच असेल आणि जोड भरून आला असेल तर ती सोडा. जोडाखाली फुटवा दिसला की नखानं खुडा. पहिली दोन वर्षं फुलं-फळं काढून टाका. घरच्यांना जड जाईल, विशेषतः पेरू आणि लिंबाला, पण मुळांचा खर्च आधी.

पावसाळ्यात झाड मरत नाही असं आपण धरून चालतो, आणि तिथेच गाफील राहतो. श्रावणात आठ-आठ दिवसांची झड लागते. उंचवटा नसेल, पाणी काढून द्यायला चर नसेल, तर मुळं त्याच आठवड्यात कुजायला लागतात. पानं मात्र लगेच काही बोलत नाहीत. ऑक्टोबरचं ऊन पडलं की झाड अचानक माना टाकतं आणि सगळे म्हणतात उन्हानं मेलं. सकाळच्या गार वेळीही पानं लोंबत असतील आणि माती ओली असेल, तर ती तहान नव्हे, मूळकूज आहे. अशा वेळी पाणी वाढवलं की कारभार आटोपला. दुपारी थोडी माना टाकून सकाळी ताठ होत असतील तर काळजी नाही. संत्रा-लिंबाच्या खोडाला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम हे बुरशीनाशक लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे प्रमाण. तुम्हाला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही पुरेल. मोरचूद आणि चुना वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा, लोखंडी घमेल्यात नको.

ऑक्टोबरपासून पाण्याची पाळी सुरू होते. खोडाशी पाणी घालायची सवय मोडायची. पहिले दोन-तीन आठवडे गोळ्यावर पाणी हवं, कारण मुळं तिथेच असतात. नंतर दुहेरी आळं करा: आतलं खोडाभोवतीचं कोरडं, बाहेरचं पाण्याचं, आणि ते दर महिन्या-दीड महिन्यानं थोडं थोडं बाहेर सरकवा. जिथे ओल जाईल तिथे मुळं जातील. रोज एक बादलीऐवजी चार-पाच दिवसांनी दोन बादल्या, सावकाश, मुरत मुरत. उन्हाळ्यात अंतर कमी करायचं, पण दर वेळी काडी टोचून मगच ठरवायचं. बोअरचा काळा पाइप दुपारभर उन्हात पडलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी चहाचं असतं, ते आधी सोडून द्या. न्हाणीचं साबणाचं पाणी केळीला, अळूला चालून जातं, नवीन लिंबाला नको.

यापेक्षा सोपं काम गाडग्याचं. बिनरंगाचं, चांगलं पाझरणारं मातीचं गाडगं खोडापासून फूटभर लांब गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकणी ठेवायची. ते झिरपत राहतं, भोवती कायम वाफसा राहतो आणि मुळं त्याच्याभोवती जाळं करतात. पुढच्या वर्षी गाडगं आणखी लांब पुरा. बाहेरगावी चार दिवस जायचं असलं तरी चिंता नाही.

पावसाळा ओसरला की आळ्यात तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा, गव्हांडा, कडुनिंबाचा पाला, जे घरात असेल ते चार बोटं जाड पसरा. खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर उधई तिथूनच चढते. कुटाराखालची माती दुपारी हात लावून बघा, उघड्या मातीशी तिची गाठच नाही. भेगाही पडत नाहीत. एप्रिल-मेसाठी पश्चिम आणि दक्षिणेच्या बाजूनं तुराट्यांचा आडोसा करा. कपाशीच्या पऱ्हाट्या वापरू नका. त्यांत राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि घराशेजारी आपणच तिची सोय केल्यासारखं होतं. टिनाच्या भिंतीशेजारी झाड लावलं असेल तर ते टिन दुपारी त्याच्यावर उष्णता फेकतं. तिथून दोन-तीन मीटर तरी लांब जा.

आंब्याबद्दल थोडं वेगळं सांगतो. आंब्याचं सोटमूळ खोल जाणारं, पण पिशवीत ते तळाला टेकून वाकतं. तुमच्याकडे जागा आहे आणि घाई नाही असं धरून सांगतो: येत्या जूनमध्ये गावरान आंब्याच्या ताज्या कोया थेट ठरलेल्या जागी लावा, दोन-तीन एकत्र. कोय फार दिवस टिकत नाही, खाल्ल्यावर महिन्याच्या आत लावलेली बरी. त्यातलं जोमदार रोप ठेवून पुढच्या एखाद्या पावसाळ्यात त्याच्यावरच जागेवर मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या शेंड्यावर करतात ते कलम, करून घ्या. कलम करणारा माहितगार माणूस कृषी सहायकाला विचारलं तर सापडतो. या झाडाचं सोटमूळ कधीच कुठे अडलेलं नसतं, कोरडवाहूतही ते टिकतं. शेवगा आणि सीताफळ तर नर्सरीतून आणूच नका, बी टाका. मोगऱ्याचं तुम्ही एवढं मनावर घेऊ नका. तो पावसाळ्यात कुणाच्याही अंगणातून दाब कलमानं मिळतो.

हे वाचणाऱ्या दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागातल्या लोकांसाठी एक ओळ. खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागातलं, बोअरचं पाणी असेल तर गाडग्याची छिद्रं क्षारांनी बुजतात आणि संत्रा-लिंबाची मुळं त्या पाण्याला वैतागतात. तिथे आवळा, बोर लावा आणि छपराचं पावसाचं पाणी साठवून पहिल्या उन्हाळ्यापुरतं झाडांसाठी राखून ठेवा.

आता तुमच्या पेरूकडे येतो, कारण तो अजून वाचू शकतो. त्याला आत्ता उपटू नका, खत देऊ नका, उरलेली ह्युमिकची बाटलीही नको. फांदीच्या सालीवर नखानं हलकं खरवडा. आत हिरवं दिसेल तिथपर्यंत फांदी जिवंत, त्यापुढची वाळलेली छाटून टाका. आजच तुराट्यांचा आडोसा करा. गोळ्याच्या कडेची भेग बारीक मातीनं बुजवा. मग मगानं सावकाश, गोळा आतपर्यंत भिजेल असं पाणी द्या आणि वर कुटार घाला. पुढे काडी टोचूनच पाणी. दोन-तीन चांगले पाऊस झाले की खोड धरून हलवून बघा. बुडाशी माती हलली तर गोळा अजून सुटाच आहे: वाफसा आल्यावर वीतभर लांबून चारी बाजूंनी कुदळ घालून त्याला काढा, तळ कापा, कडेला चिरे द्या आणि नवीन उंचवट्यावर लावा. न हलता घट्ट उभा राहिला तर एखाद-दुसरं मूळ काळ्या मातीत शिरलं आहे. मग त्याला तिथेच राहू द्या आणि आळं मात्र हातभर लांब सरकवा.